परदेशातील व्यासपीठ आणि घरची शिदोरी



डिजिटल माध्यमांतील नव्या प्रवाहांविषयी बोलण्यासाठी परदेशी जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पत्रकार, प्राध्यापक, संगणक अभियंते, प्रकाशन व्यवसायातील मंडळी असे दौरे नित्य करतात. पारपत्र, तिकीट, सादरीकरण यांची सिद्धता होते. पण त्या व्यासपीठावरून सांगायचे काय, याचे उत्तर घरीच शोधावे लागते. वर्धा जिल्ह्याला त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही.

1936 साली वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. याच समितीच्या पुढाकाराने 10 जानेवारी 1975 रोजी नागपुरात पहिले विश्व हिंदी संमेलन सुरू झाले. मराठी मातृभाषा असलेले हिंदी साहित्यिक अनंत गोपाळ शेवडे यांनी त्यासाठी अपार कष्ट घेतले. मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम त्यास उपस्थित होते. वर्ध्यात आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ व्हावे, हा संकल्प तेथेच मांडला गेला. तो प्रत्यक्षात आला 1997 साली. संकल्प आणि सिद्धी यांच्यामध्ये 22 वर्षे गेली. पण काम झाले, हे महत्त्वाचे. पुढे त्या विद्यापीठाने ‘हिंदीसमय’ या संकेतस्थळावर विपुल हिंदी साहित्य वाचकांना खुले केले.

नागपुरात आरंभ झालेली ही संमेलने मॉरिशस, त्रिनिदाद, लंडन, सुरीनाम, न्यूयॉर्क, जोहान्सबर्ग अशी फिरत फेब्रुवारी 2023 मध्ये फिजीतील नांदी येथे पोहोचली. पारंपरिक ज्ञानापासून कृत्रिम मेधेपर्यंत, असा त्या बाराव्या संमेलनाचा मुख्य विषय होता. स्थळ मोठे अर्थपूर्ण होते. 14 मे 1879 रोजी ‘लिओनिडास’ जहाज भारतीय मजुरांना घेऊन फिजीला लागले. 1916 पर्यंत साठ हजारांहून अधिक गिरमिटिया तेथे गेले. उसाच्या मळ्यांत राबलेल्या त्या समाजाने आपली बोली टिकविली आणि 1935 पासून ‘शांतिदूत’ हे हिंदी साप्ताहिकही वाचले. अशा श्रोत्यांपुढे उभे राहणाऱ्याला केवळ यंत्रांच्या नवलाईवर वेळ मारून नेता येत नाही. ‘तुम्ही तुमच्या भाषेसाठी काय केले?’ हा प्रश्न समोरच्यांच्या डोळ्यांत असतोच.

काय केले आपण? 1991 साली संगणकावरील भारतीय लिप्यांसाठी प्रमाणक ठरले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. तरीही पुढे अनेक वर्षे आपल्या मुद्रणालयांनी आणि वृत्तपत्रांनी आपापले निरनिराळे फॉन्ट वापरले. त्या फॉन्टवाचून तो मजकूर म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग! शोधयंत्राला तो सापडेना. लिहिलेले असूनही न लिहिल्यासारखे झाले. 1 मे 2003 रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. तेथे निःस्वार्थपणे लिहिणाऱ्या मोजक्या हातांचे ऋण मोठे आहे.

आज प्रश्न अधिक गंभीर आहे. कृत्रिम मेधेची साधने उपलब्ध मजकुरावर शिकतात आणि त्याच्याच बळावर उत्तरे देतात. ज्या भाषेचा मजकूर थोडा, तिच्यातील उत्तरे उसनी आणि अडखळती. हिंगणघाटच्या बाजारात कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडचे पऱ्हाटी, डवरणी, उलंगवाडी हे शब्द कोणी लिहूनच ठेवले नाहीत, तर यंत्राला ते कळणार कोठून? आणि उद्या त्याच शेतकऱ्याचा मुलगा पिकाविषयी यंत्राला विचारू लागला, तर त्याला परक्या भाषेच्या साच्यातले उत्तर मिळेल. ही हानी केवळ साहित्याची नव्हे, संसाराची आहे.

परदेशात इंग्रजीत बोलावे लागते, असा आक्षेप कोणी घेईल. अवश्य बोलावे! श्रोत्यांना समजेल त्या भाषेत बोलणे हा शिष्टाचारच आहे. परंतु बोलण्यातील ऐवज स्वतःच्या भूमीचा असावा. दुसऱ्यांचेच अहवाल त्यांनाच वाचून दाखविण्यासाठी समुद्र ओलांडण्याचे प्रयोजन नाही.

हा ऐवज घराघरांत तयार व्हायचा आहे. घरातील मराठी निरोप रोमन अक्षरांत न लिहिता देवनागरीत लिहावेत. त्याची सोय आज बहुतेक स्मार्टफोनमध्ये आहे. आजी-आजोबांच्या आठवणी, शेतीचे शब्द, सणांच्या रीती नातवंडांनी युनिकोडमध्ये टंकित कराव्यात. ग्रंथालयांनी आणि संस्थांनी आपले जुने अंक, हक्कधारकांची अनुमती घेऊन, शोधता येतील अशा रूपात आणावेत. आपल्या गावाविषयी एक तरी साधार लेख मराठी विकिपीडियावर लिहावा. आणि परदेशी बोलून परतणाऱ्याने तेथे शिकलेले कौशल्य तालुक्याच्या शाळेत येऊन शिकवावे.

वर्ध्याच्या विद्यापीठाने 22 वर्षे वाट पाहिली. यंत्रांच्या या युगात भाषेला तेवढी सवड मिळेलच असे नाही. म्हणून प्रारंभ आज रात्रीच्या निरोपापासून व्हावा.