लिफ्ट ही मेहेरबानी नव्हे

(शाखा सभेतील भाषण)



पगारावर बोलणारे वक्ते आज पुष्कळ आहेत. मी जिन्यावर बोलणार आहे.

यार्डात शंटिंग करताना पाय गमावलेला पॉइंट्समन किंवा बटवड्यावर असताना अपघातात सापडलेला पोस्टमन यांना अपंगत्व आले म्हणून नोकरीवरून काढता येत नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम ४७ ने हे संरक्षण दिले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २० ने ते कायम ठेवले. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे आणि तशी जागा नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करायचे. पण हे दुसरे काम बहुधा टेबलाचे असते, आणि ते टेबल दुसऱ्या मजल्यावर असले तर? लिफ्ट नसेल तर कायद्याने वाचवलेली नोकरी पहिल्या पायरीशीच अडते.

"लिफ्ट आहे की!" असे उत्तर मिळाले तर टेप घेऊन जा. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींत मापे दिलेली आहेत. व्हीलचेअरसाठीची लिफ्ट आतून ११०० मिलिमीटर खोल, २००० मिलिमीटर रुंद आणि दार ९०० मिलिमीटरचे. आत धरायला कठडा हवा, मजला सांगणारा आवाज हवा, दार सावकाश मिटायला हवे. बाहेर खुर्ची वळवायला १८०० मिलिमीटर लांब-रुंद मोकळी जागा हवी. तिथे जुन्या फायलींची कपाटे उभी असतील, तर लिफ्ट असून नसल्यासारखीच.

शिवाय लिफ्टपर्यंत पोचायचे कसे? उतार १:१२ पेक्षा तीव्र चालत नाही. पोस्टाच्या दाराशी सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर चढ दीड फुटाचा होतो आणि उतार अठरा फुटांचा लागतो. फळी टाकून भागत नाही. हाच उतार पेन्शन घ्यायला येणाऱ्या आपल्या निवृत्त साथीलाही लागतो.

१९९५ च्या कायद्यात "आर्थिक कुवतीनुसार" अशी पळवाट होती. २०१६ च्या कायद्याने ती बुजवली. कलम ४४ प्रमाणे नियम पाळल्याशिवाय नव्या इमारतीला बांधकाम परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना कलम ४५ ने नियम निघाल्यापासून पाच वर्षे दिली. नियम जून २०१७ मध्ये निघाले आणि मुदत जून २०२२ मध्ये भरली. तरीही मापे ही केवळ शिफारस मानली जात होती. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने बजावले की सक्तीविना नुसती मार्गदर्शक तत्त्वे कायद्याला धरून नाहीत. किमान मापे बंधनकारक करणारे नियम तीन महिन्यांत करण्याचा आदेशही दिला.

साथींनो, कागदावरचा हक्क मागितल्याशिवाय पदरात पडत नाही. प्रत्येक शाखेने आपले कार्यालय, विश्रांतिगृह, स्वच्छतागृह मोजावे. उणिवा लेखी द्याव्यात आणि प्रशासनाबरोबरच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात. दिव्यांग कर्मचाऱ्याची तक्रार कलम २३ खालील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे नोंदवावी. नोंदीपासून दोन आठवड्यांत चौकशी करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. साथीला पाठीवर घेऊन जिना चढवणे ही माणुसकी खरी, पण त्याला स्वतःच्या बळावर वर जाता यावे यासाठी संघटना आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!