भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील मराठी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात कबनूर येथे दिलेले भाषण)



शिष्यवृत्तीचे अर्ज यंदापासून मोबाईलवरून मागविण्याचे मंडळाने ठरविले आहे आणि त्याविषयी मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी संगणकशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन खेड्यातील मुलांना शिकविण्यात उमर घालविलेला माणूस. परंतु या विषयातील एक धडा मला माझ्याच एका विद्यार्थ्याने दिला, तो आपल्यापुढे ठेवतो.

२००७ च्या दिवाळीत तो पुण्याहून गावी आला होता. मोबाईलवर दिसणारी संकेतपृष्ठे तयार करणे हा त्याचा व्यवसाय. भेटीस आला तेव्हा त्याच्या पिशवीतून निरनिराळ्या बनावटीचे सात-आठ फोन निघाले. मला वाटले, पोराने दुकान टाकले! एकच मराठी पृष्ठ त्याने त्या प्रत्येकावर उघडून माझ्यापुढे मांडले. एकावर मजकूर स्वच्छ होता. दुसऱ्यावर अक्षरांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी. तिसऱ्यावर अक्षरे होती, परंतु ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी मागे जाऊन बसलेली आणि जोडाक्षरे फुटून त्यांचे पाय मोडलेले. "गुरुजी, पुण्यात माझ्या टेबलावर हे सारे बरोबर दिसत होते," तो खिन्नपणे म्हणाला. चूक लिहिणाऱ्याची नव्हती, पाटीचीच होती.

याचे कारण त्याने मला समजावून दिले. यंत्रात 'कि' साठविताना आधी क ठेवला जातो व मागाहून वेलांटी. डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसावी लागते. ही अदलाबदल करणारी आज्ञावली फोनमध्ये नसेल, तर टंक असूनही मराठी मोडते; आणि टंकच नसेल तर चौकटी उमटतात. जागेची अडचण आणखी निराळी. १९९९ मध्ये आलेल्या नोकिया ७११० या फोनवर 'वॅप' पद्धतीची पृष्ठे दिसत. पण एका वेळी सुमारे १,४०० बाइटांपलीकडचा मजकूर तो घेत नसे. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह आजच्या प्रचलित संकेतपद्धतीत तीन बाइट घेते. आपले कबनूर इंग्रजीत ६ बाइटांत बसते, मराठीत त्याला १५ लागतात. लघुसंदेशाचेही तसेच. इंग्रजीत १६० अक्षरे जातात, मराठीत ७० चिन्हे. आणि त्यांतील चार तर आपण आरंभी लिहितो तो 'श्री'च घेऊन जातो.

संगणकावर फोनची हुबेहूब नक्कल दाखविणारी साधने त्या काळीही होती. मग पिशवीभर फोन बाळगण्याचा खटाटोप कशासाठी, असे मी विचारले. नक्कल पुण्याच्या वेगवान तारेवर चालते, तो म्हणाला. खरा फोन मात्र उसाच्या फडात, रेंजची एक दांडी असताना, चार वेळा कळ दाबून एक अक्षर उमटविणाऱ्या माणसाच्या हाती असतो. आपण कापडवाले, नमुना एक व माल दुसरा हा प्रकार आपणांस नवा नाही. पुढे ऑपेरा मिनी नावाच्या न्याहाळकाने एक तोड काढली. दूरच्या मोठ्या संगणकावरच मराठी मजकुराचे चित्र बनवून ते फोनकडे पाठवावयाचे. वाचता येऊ लागले खरे, पण चित्राचे वजन अधिक, म्हणून खर्चही अधिक.

आपल्याच जिल्ह्यातील वारणेचे उदाहरण मला फार बोलके वाटते. तेथील सहकारी संस्था आणि केंद्र व राज्य सरकारे यांनी १९९८ मध्ये परिसरातील ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना आखली. तीत प्रत्यक्षात मुख्य उपयोग झाला तो उसाच्या हिशेबाचा. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी सात गावांत आठ महिने प्रयोग करून तेच काम साध्या मोबाईलवरील लघुसंदेशाने करून दाखविले. त्यांनी रंगीत पृष्ठांचा सोस धरला नाही. स्वस्तातल्या स्वस्त फोनला जे येते तेवढेच त्याला करावयास सांगितले.

आता काळ पालटला आहे. फोनवर भारतीय भाषांतील मजकूर वाचता आलाच पाहिजे, असे मानक भारत सरकारने २०१६ मध्ये लागू करण्याचे ठरविले, आणि नव्या फोनवर चौकटी क्वचितच दिसतात. तथापि अडचण संपलेली नाही. दोन वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील एक भगिनी, कांड्या भरून संसार चालविणारी, रात्री दहा वाजता माझ्या दारी आली. एका संस्थेच्या शिष्यवृत्तीचा मुलाचा अर्ज तिने कळांच्या लहान फोनवर सबंध भरला होता. परंतु 'पुढे' ही कळ पडद्याच्या बाहेर गेलेली, ती काही केल्या दिसेना. शेजारच्या मुलाचा मोठा फोन आणून पुन्हा आरंभापासून भरू लागलो, तोवर बारा वाजले आणि मुदत सरली. मुलाचे त्या वर्षीचे पैसे गेले. ती माउली मलाच म्हणाली, "गुरुजी, मला लिहिता-वाचता नीट येत नाही, माझंच काहीतरी चुकलं असंल." तिचे काहीही चुकले नव्हते. संस्थेचे नाव मी घेत नाही. त्यांनीही आपल्या कचेरीतील मोठ्या पडद्यावर तो अर्ज नीट तपासलाच असेल.

म्हणून माझी मंडळास विनंती आहे की, अर्ज खुला करण्यापूर्वी एक रविवार राखून ठेवावा. त्या दिवशी प्रत्येक घराने आपला सर्वांत जुना, पण चालू असलेला फोन घेऊन या सभागृहात यावे. काच तडकलेली चालेल, कळा झिजलेल्या चालतील. फोन ज्याच्या रोजच्या वापरातला, त्यानेच अर्ज भरावा. घरातील हुशार नातवाने हात लावू नये. नव्या फोनवाल्या तरुणांनी चहाची व्यवस्था पाहावी. कोणत्या फोनवर, कोठे गाडे अडले, हे वहीत टिपून घेण्याचे काम मी करीन. आणि ती वही कोरी पडेपर्यंत कागदी अर्ज चालू ठेवावेत.