हिशेबशास्त्राचे घरबसल्या अध्ययन



वाणिज्य शाखेची पदवी हाती पडल्यावर एखाद्या पेढीत, सहकारी बँकेत किंवा नगरपालिकेच्या लेखा विभागात नोकरीस लागलेल्या तरुणास पुढे शिकण्याची कितीही उमेद असली, तरी ती त्याला बहुधा मनातल्या मनात जिरवावी लागे. कारण पदव्युत्तर वर्ग भरत ते मोठ्या शहरात आणि पोटापाण्याचा उद्योग असे तालुक्याच्या गावी. मुंबईस १९१३ साली सिडनहॅम महाविद्यालय निघाले आणि आपल्याकडे वाणिज्यशिक्षणाचा पाया घातला गेला; पण त्याचा लाभ घ्यायचा तर मुंबईत बिऱ्हाड करणे प्राप्त होते. पुढे १९७१ साली मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, १९८५ साली दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि छापील पाठ टपालाने खेड्यापाड्यांत पोहोचू लागले. आज एम.कॉम. असो की वित्त विषयातील एम.बी.ए., व्याख्याने, पाठ्यसामग्री, शंकासमाधान आणि चाचण्या ही सर्व सामग्री भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येते, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० सालच्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी ही नित्याच्या पदवीशी समकक्ष धरली जाते.

सोय झाली, हे निर्विवाद. परंतु हिशेबशास्त्र हा विषय केवळ ऐकून वा पाहून साध्य होणाऱ्यांपैकी नव्हे, आणि त्याविषयीच मला आज मुख्यतः बोलावयाचे आहे.

पदवीपर्यंत विद्यार्थी रोजकीर्द लिहितो, खतावणी करतो, तेरीज जुळवतो आणि ताळेबंदाच्या दोन्ही बाजू समान आल्या की सुटकेचा निःश्वास टाकतो. पदव्युत्तर वर्गात आकडे जुळणे हे गृहीतच असते. तेथे प्रश्न येतो तो असा, की अमुक रक्कम ताळेबंदात मुळात यावी की न यावी, आणि यावी तर कोणत्या मूल्याने. उदाहरणादाखल, एका कंपनीने तीन वर्षांच्या कराराने गाळा घेतला असून प्रत्येक वर्षाच्या अखेरीस एक लाख रुपये भाडे द्यावयाचे आहे, असे समजू. जुन्या रिवाजाप्रमाणे दर वर्षी लाख रुपये खर्ची टाकले की काम भागे. परंतु १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेले भारतीय लेखामानक ११६ त्या तीन वर्षांच्या भाड्याकडे कर्जासारखे पाहते. शेकडा दहा व्याजदर धरला, तर त्या तीन लाखांचे आजचे मूल्य होते सुमारे २,४८,६८५ रुपये. एवढे दायित्व एका बाजूस आणि गाळा वापरण्याच्या हक्काची तेवढीच मालमत्ता दुसऱ्या बाजूस मांडावी लागते. पहिल्या वर्षी व्याज २४,८६९ आणि घसारा ८२,८९५, म्हणजे एकूण खर्च १,०७,७६४ रुपये. दुसऱ्या वर्षी तो लाखाच्या किंचित वर राहतो आणि तिसऱ्या वर्षी ९१,९८६ पर्यंत उतरतो. तिन्ही वर्षांची बेरीज तीन लाखच. घरमालकाच्या हाती पडलेली रक्कमही तीच. पण पहिल्या वर्षाचा नफा घटलेला आणि कंपनीच्या डोक्यावरील कर्ज मात्र वाढलेले दिसते. ज्या बँकेने या कंपनीस कर्ज दिले आहे तिच्या अधिकाऱ्याने यातून काय अर्थ घ्यावा, हा खरा पदव्युत्तर प्रश्न होय.

आता हेच उदाहरण अध्यापक पडद्यावर सोडवीत असले म्हणजे सारे कसे स्वच्छ कळल्यासारखे वाटते, आणि तेच कोऱ्या कागदावर स्वतः मांडू गेले की दुसऱ्या वर्षाचे व्याज कोणत्या बाकीवर काढावयाचे येथेच लेखणी अडते. वर्गात अध्यापक बाकांमधून फिरताना विद्यार्थ्याच्या वहीत डोकावतो आणि अडलेली ओळ त्याच्या नजरेस पडते. पडद्यापलीकडच्या अध्यापकास ती दिसत नाही. म्हणून व्याख्यान मध्येच थांबवून उदाहरण आधी आपण सोडवावे आणि मग पुढचे पाहावे, ही शिस्त विद्यार्थ्याने स्वतःवर लादून घेतली पाहिजे. संगणकावरील एक्सेल अवश्य शिकावे, किंबहुना त्यावाचून आज वित्तविभागात निभाव लागणार नाही. मात्र तयार सूत्रात आकडे भरण्यापूर्वी एकदा तरी ते कोष्टक हाताने करावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. नोकरी करणाऱ्यास येथे एक फायदाही आहे, आणि तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यास सहसा मिळत नाही: दिवसा ज्या दफ्तरात तो काम करतो, तेथील भाडेपट्टे, येणी आणि घसाऱ्याची कोष्टके त्याच्या डोळ्यांसमोर असतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कोणत्याही कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यातील लेखाटिपा वाचण्याची सवय लावून घेतली, तर अर्धा अभ्यासक्रम आपोआप जिवंत होतो.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. एम.कॉम. झाल्याने कंपनीच्या हिशेबांची वैधानिक तपासणी करून त्यावर सही करण्याचा अधिकार मिळत नाही; तो १९४९ च्या कायद्याखाली स्थापन झालेल्या सनदी लेखापाल संस्थेच्या सनदधारक सभासदांचाच आहे. जाहिरातींत हे वाक्य सहसा आढळत नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगितले.

प्रवेशाविषयी थोडे सांगून थांबतो. ऑनलाइन अभ्यासक्रमाची मान्यता विशिष्ट विद्यापीठास, विशिष्ट अभ्यासक्रमासाठी आणि विशिष्ट सत्रासाठी दिलेली असते, आणि तिची यादी अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. मध्यस्थ पेढ्यांमार्फत असे अभ्यासक्रम चालविण्यास विनियमांची मनाई आहे. तेव्हा दलालाच्या गोड बोलण्यास न भुलता आधी ती यादी स्वतः पाहावी, शुल्क थेट विद्यापीठाच्याच खात्यात भरावे, आणि हिशेबाच्या विद्यार्थ्यास हे सांगावे लागू नये, पण पावती जपून ठेवावी.