वाघ भारी की शेळ्या?



वाघ-शेळीचा डाव मांडला की खेळणाऱ्यांआधी बघणाऱ्यांचीच जुंपते. "वाघच भारी हाय ना बे! उडी मारली का शेळी गेली," असं एकाचं म्हणणं. "कोंडू दे जरा, मंग पाय," असं दुसऱ्याचं. दोघंही अगदी मनापासून भांडतात. या भांडणाचा निकाल पटावरच लावता येतो का, ते आज पाहू.

पट आणि नियम मुलुखागणिक बदलतात. तामिळनाडूत त्रिकोणी पटावर ३ वाघ आणि १५ शेळ्या असतात. मी आज नेपाळातला 'बाघचाल' धरतो, कारण त्याचा हिशेब सगळ्यात चोख झालेला आहे. कोळशानं फरशीवर पाच उभ्या, पाच आडव्या रेघा मारा आणि ठरलेल्या तिरप्या रेघा जोडा. २५ ठिकाणं होतात. चार कोपऱ्यांत चार खडे, ते वाघ. हातात वीस चिंचोके, त्या शेळ्या. शेळीवाला एका पाळीत एकच शेळी ठेवतो, आणि विसाव्या शेळीपर्यंत ठेवलेली शेळी जागची हलू शकत नाही. वाघ मात्र पहिल्या पाळीपासून हलतो. शेजारी शेळी असली आणि तिच्यामागची जागा त्याच रेघेवर रिकामी असली, की उडी मारून शेळी खातो. पाच शेळ्या खाल्ल्या की वाघ जिंकला. चारही वाघांना हलायला जागा उरली नाही, की शेळ्या जिंकल्या.

नवखा खेळाडू पहिली शेळी पटाच्या मधोमध ठेवतो आणि तिथंच फसतो. मधल्या शेळीवर सगळ्या बाजूंनी उडी बसते. कडेवरच्या शेळीवर उडी बसते ती फक्त कडेच्या रेघेनं, कारण आडवी किंवा तिरपी उडी मारली तर वाघ पटाबाहेर पडेल. म्हणून पहिली शेळी कडेच्या बरोबर मध्यावर ठेवायची. वाघ कोपऱ्यातून सरकून तिला चिकटला, की दुसरी शेळी लगेच तिच्या पाठीशी, पलीकडच्या जागेवर ठेवायची. आता वाघाची उडी अडली. त्याच कडेच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या वाघालाही दुसऱ्या शेळीवर झेप घेता येत नाही, कारण उतरायच्या जागी पहिली शेळी उभी आहे. दोन शेळ्यांनी दोन वाघ थोपवले!

आता खरा हिशेब ऐका. जागा २५. वाघ ४ आणि शेळ्या २०, मिळून २४. एकही शेळी न गमावता वीसच्या वीस पटावर आल्या, तर रिकामी जागा उरते फक्त एक. एक शेळी गेली की दोन जागा, दोन गेल्या की तीन. म्हणजे शेळी खाल्ली की वाघाला नुसता बळी मिळत नाही, फिरायला जागाही मिळते. माझ्या मते सगळा डाव या जागेचा आहे. पहिल्या वीस पाळ्यांत पट मोकळा असतो, तोवर वाघ जबर. पट भरला की तोच वाघ कोपऱ्यात अडकतो. खऱ्या वाघालाही जागा किती लागते, हे वेगळं सांगायला नको. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन १,३०० किलोमीटरहून जास्त चालला, तेव्हा कुठं बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला.

कॉम्प्युटरवर खेळणारी पोरंही 'कोण भारी' यावरून असंच भांडतात. १९८० च्या सुमारास अमेरिकेत 'रोग' नावाचा खेळ निघाला. भुयारात उतरायचं, नकाशा दर डावाला नवा, आणि मेलं की पुन्हा पहिल्यापासून. या वळणाच्या खेळांना रोगलाइक म्हणतात. त्यातल्या १९८७ च्या 'नेटहॅक'मध्ये वाल्किरी ही लढवय्यी सुरुवातीपासून दणकट, तर टुरिस्ट अगदीच लेचापेचा. जादूगार आधी दोन फटक्यांत मरतो, पण तगला तर पुढं कुणाला ऐकत नाही. मग सगळ्यात भारी कोण? इथंही 'कुठल्या टप्प्यावर' हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. त्याच खेळात एक काळा लिबलिबीत राक्षस आहे. लोखंडी हत्यारानं मारला की त्याचे दोन होतात. खेळाडू एका जागी उभे राहून त्याची पैदास करत आणि मेलेल्यांकडून सामान गोळा करत. २०१५ च्या आवृत्तीत कर्त्यांनी त्यातला फायदाच काढून टाकला. फार बरं केलं. एकाच युक्तीनं दर वेळी जिंकता आलं तर खेळायचं तरी कशाला? वाघ-शेळीच्या पटावर कुठं ३ वाघ, कुठं ४, कुठं १५ शेळ्या, कुठं २०, यामागंही मला हीच समज दिसते.

बाघचालचा निकाल मात्र लागला आहे. लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट या संगणकशास्त्रज्ञांनी हा डाव कॉम्प्युटरवर पार शेवटापर्यंत तपासला. दोन्ही बाजू न चुकता खेळल्या तर डाव बरोबरीत सुटतो.

पण पारावर न चुकता खेळतो कोण? म्हणून तुमच्याकडं भांडण लागलं तर दोन डाव खेळा. दुसऱ्या डावाला बाजू बदला, वाघवाल्यानं शेळ्या घ्यायच्या. दोघांनीही आपापल्या शेळ्यांच्या डावात किती गमावल्या ते मोजा. ज्याच्या कमी गेल्या, तो जिंकला.