मैदान किती रुंद, त्यावर कोण फास्ट

 

मी न्यू जर्सीत राहतो आणि संध्याकाळी इथल्या एका हायस्कूलच्या सॉकर टीमला मदत करतो. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तोच खेळ. पण इथे ‘फुटबॉल’ म्हटलं की हेल्मेटवाला डोळ्यांसमोर येतो, म्हणून आज सॉकरच म्हणू. सध्या प्लेऑफ चालू आहेत. हरलात की संपलं. बारावीच्या पोरांसाठी तर ती शाळेच्या जर्सीतली शेवटची मॅच. आणि हरल्यावर पार्किंगमध्ये पालकांचं एक वाक्य ठरलेलं असतं: "आपली मुलं स्लो आहेत हो."

या वाक्याने माझं डोकं फिरतं. स्लो म्हणजे कुठे? कुठल्या मैदानावर?

क्रिकेटचं मैदान लहान-मोठं असतं हे आपल्याला माहीत असतं. सॉकरचंही असतं, हे मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. इथल्या हायस्कूलच्या नियमांत लांबी 100 ते 120 यार्ड आणि रुंदी 55 ते 80 यार्ड चालते. आपली क्रिकेटची पिच 22 यार्डांची. म्हणजे एका शाळेचं मैदान अडीच पिच रुंद, तर दुसऱ्या शाळेचं साडेतीन पिच, आणि दोन्ही कायदेशीर!

असं का होतं? अमेरिकन फुटबॉलचं मैदान 53 यार्डांपेक्षा जरासंच जास्त रुंद असतं. कितीतरी शाळांत स्टेडियम, दिवे, बसायच्या पायऱ्या, सगळं त्या खेळाच्या मापाने बांधलेलं. बाजूने धावण्याचा ट्रॅक. मग सॉकरच्या रेषा त्यातच कशाबशा बसवायच्या. काही शाळांकडे मागच्या बाजूला वेगळं, ऐसपैस गवताचं मैदान असतं. आमच्याकडे तसंच आहे, 75 यार्ड रुंद.

आता खरी गंमत ऐका. मैदान कितीही अरुंद असलं तरी गोल आणि पेनल्टी बॉक्स तेवढेच राहतात. बॉक्स 44 यार्ड रुंद. 75 यार्डांच्या मैदानावर बॉक्सच्या कडेपासून टचलाइनपर्यंत दोन्ही बाजूंना साडेपंधरा यार्ड उरतात. 55 यार्डांच्या मैदानावर? साडेपाच. पाव पिच! विंगरने तिथे पळायचं कुठे? समोरचा डिफेंडर दोन पावलं सरकला की रस्ता बंद. चार डिफेंडर एका रांगेत उभे केले, तर मोठ्या मैदानावर प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास 19 यार्ड येतात, लहान मैदानावर 14 सुद्धा नाहीत.

शिवाय थ्रो-इन. अरुंद मैदानावर टचलाइनपासून जवळचा गोलपोस्ट साडेतेवीस यार्डांवर येतो, रुंद मैदानावर साडेतेहेतीस. पंचवीस यार्ड बॉल फेकणारा एक मुलगा टीममध्ये असला, की गोलजवळचा प्रत्येक थ्रो-इन म्हणजे कॉर्नरच. वर थेट थ्रो-इनवर ऑफसाइडही नसतो. उंच पोरं बॉक्समध्ये उभी करा आणि फेका!

ही चलाखी मोठ्या लोकांनीही केलीय. 1987 चा युरोपियन कप. ग्लासगोच्या रेंजर्सवर डायनॅमो कीव्हने पहिल्या मॅचमध्ये 1-0 अशी आघाडी घेतलेली. परतीच्या मॅचसाठी रेंजर्सच्या ग्रॅम सूनेसने आपलं मैदान दोन्ही बाजूंनी आत घेतलं, नियमात बसेल तेवढं अरुंद केलं. कडेने पळणाऱ्या कीव्हला जागाच उरली नाही. रेंजर्स 2-0 जिंकले आणि पुढे गेले. मला विचाराल तर चलाखी आहे, चीटिंग नाही.

आता वेगाकडे येऊ. बोल्टची 2009 ची बर्लिनमधली 9.58 सेकंदांची शर्यत घ्या. पहिल्या 20 मीटरला त्याला 2.89 सेकंद लागले. 60 ते 80 मीटर या टप्प्यात तेवढंच अंतर त्याने 1.61 सेकंदांत कापलं. म्हणजे जगातल्या सगळ्यात फास्ट माणसालाही वेग पकडायला आधी जागा लागते. मग सतरा वर्षांच्या पोराला साडेपाच यार्डांत ती कुठून मिळणार? तिथे कामाची असतात ती पहिली दोन-तीन पावलं, आणि बॉल यायच्या आधीच पुढचा पास ठरवणारं डोकं.

अजून एक. हायस्कूलमध्ये बाहेर काढलेला खेळाडू परत आत घेता येतो. म्हणून मोठी बेंच असलेली शाळा लहान मैदानावर 80 मिनिटं सतत अंगावर येत राहते. ताज्या पायांची पोरं, आणि पळून जायला जागा नाही. टर्फचं मी फार बोलत नाही. ओल्या टर्फवर बॉल सुळकन पुढे जातो, नोव्हेंबरच्या चिखलगवतात अडकतो, एवढं पुरे.

प्लेऑफमध्ये वरच्या मानांकनाच्या शाळेला घरचं मैदान मिळतं. ते योग्यच आहे, कमावलेलं असतं त्यांनी. पण शेवटच्या फेऱ्यांसाठी किमान 65 यार्डांची अट हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. तोपर्यंत उपाय तुमच्या खिशात आहे. मॅप्समध्ये सॅटेलाइट व्ह्यू लावा, ‘मेजर डिस्टन्स’ वापरा आणि समोरच्या शाळेचं मैदान मोजा. मी दर वेळी मोजतो.

या शनिवारचं मोजलं, तर 56 आलं. सोमवारपासून आम्ही आमच्या मैदानावर प्लास्टिकचे कोन लावून तेवढ्याच पट्ट्यात सराव करतोय. आता वाद एवढाच उरलाय, की आमच्या उजव्या विंगरचं काय करायचं. टीममधला सगळ्यात फास्ट मुलगा, बारावीचा. मी हेड कोचना म्हटलं, याला सुरुवातीला बसवू. शेवटच्या वीस मिनिटांत समोरचे दमले, त्यांच्या रांगा सैल पडल्या, की सोडू. ते अजून हो म्हणालेले नाहीत.

मुलाला मी स्वतःच सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी स्लो झालो का?" मी त्याला बॉक्सच्या कडेपासून कोनापर्यंत चालायला लावलं. सहा पावलांत संपलं. तो जरा वेळ तिथेच उभा राहिला, मग बूटाची नाडी घट्ट केली आणि अंधार पडेपर्यंत त्या पट्टीत बॉल घेऊन वळायचा सराव करत राहिला. मॅच शनिवारी दुपारी दोनला आहे.