झाड हेच घर



जयपूरच्या सिविल लाइंसमधून अजमेरच्या दिशेने निघाले म्हणजे शहराची दाटी हळूहळू विरळ होत जाते आणि भांकरोट्याच्या आसपास अधूनमधून शेते दिसू लागतात. त्याच भागातील मुकुंदपुरा ह्या गावच्या एका शेतात ६ जून २०१७ रोजी पहाटे आकाशातून एक काळा दगड पडला. वजनाने तो सुमारे दोन किलो होता. रेताड जमिनीत एक उथळ खळगा पाडून तो फुटला, आणि त्याचे तुकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने अभ्यासासाठी ताब्यात घेतले. परीक्षणाअंती तो कार्बनयुक्त अशनींच्या दुर्मिळ वर्गातील असल्याचे ठरले. हा दगड ज्या लघुग्रहाचा तुकडा, त्या लघुग्रहावर सूर्यमालेच्या बाल्यावस्थेत पाणी खेळलेले होते. त्या पाण्याने मूळ खनिजांचा बराच भाग पालटून चिकणमातीसारखी खनिजे तयार केली आणि ते स्वतः त्या खनिजांच्या घडणीत अडकून राहिले. म्हणजे जयपूरच्या वेशीवर पडलेला हा दगड केवळ दगड नव्हे. त्यात पाणी आहे, कार्बन आहे आणि कार्बनची संयुगेही आहेत.

अशा दगडात रोप वाढेल काय? हा प्रश्न कोणी गमतीने विचारलेला नाही. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे मुकुंदपुऱ्याच्याच वर्गातील एक अशनी पडला होता. मायकेल माउट्नर ह्या शास्त्रज्ञाने न्यूझीलंडमध्ये त्या अशनीच्या चुऱ्यातून पाण्याने निघणारी द्रव्ये तपासली आणि त्यांवर बटाट्याच्या व शतावरीच्या कुळातील ॲस्परॅगसच्या ऊती वाढवून पाहिल्या. हे प्रयोग १९९७ व २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. ऊती वाढल्या. वनस्पतीला लागणारी पोषकद्रव्ये त्या चुऱ्यात पृथ्वीवरच्या मातीशी तुलना करता येईल इतपत असल्याचे दिसून आले. तेव्हा लघुग्रहांवर आणि धूमकेतूंवर वनस्पतीला अन्न नाही, ही समजूत सोडून द्यावी लागते. उणीव आहे ती हवेची, उबेची आणि आडोशाची. थोडक्यात, घराची.

हे घर आजवर मनुष्याने यंत्राच्या रूपाने दिले आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या पीएसएलव्ही-सी ६० ह्या अग्निबाणाच्या अखेरच्या टप्प्यावर भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने चवळीच्या आठ बिया एका बंद पेटीत पाठविल्या होत्या. चार दिवसांत त्यांना मोड आले आणि पुढे पानेही दिसली. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात असताना मूग आणि मेथी यांना मोड आणण्याचा प्रयोग झाला. तो धारवाडच्या कृषिविज्ञान विद्यापीठाने आणि तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने आखलेला होता. आपल्या स्वयंपाकघरात रोज घडणारी ही गोष्ट अवकाशात घडली याचा आनंद वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, ह्या सर्व प्रयोगांत रोप हे पेटीतील पाहुणे असते. तापमान, हवा, पाणी हे सर्व पेटी पाहते. चिनी यानाने जानेवारी २०१९ मध्ये चंद्राच्या पाठीमागच्या बाजूवर नेलेल्या डब्यात कापसाचे बी रुजले होते. चंद्रावरची दीर्घ रात्र आली, डबा गारठला आणि ते इवलेसे रोप गेले. त्या कोंबात कोणताच दोष नव्हता. जे संपले ते त्याचे यंत्ररूपी घर.

ह्या नात्याची उलटापालट करावी, पेटीत झाड ठेवण्याऐवजी झाडालाच पेटी होऊ द्यावे, हा विचार भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी १९७२ मध्ये लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयात मांडला. जे. डी. बर्नाल यांच्या नावाने चालणाऱ्या व्याख्यानमालेतील ते व्याख्यान होते, आणि त्याला डायसन यांनी बर्नाल यांच्याच १९२९ सालच्या एका पुस्तकाचे नाव दिले होते. बर्नाल यांचे समकालीन जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले. १९६२ मध्ये लंडनच्या एका परिसंवादात त्यांनी अवकाशासाठी मनुष्यदेहच बदलावा काय, याची चर्चा केली होती. कमी गुरुत्वाच्या ठिकाणी माणसापेक्षा गिबन अधिक सोयीचा, असे त्यांचे म्हणणे. डायसन यांनी माणसाला आहे तसाच ठेवला आणि बदल वनस्पतीत करावयाचे ठरविले. दोहोंपैकी डायसन यांचाच मार्ग अधिक शहाणपणाचा, हे निराळे सांगावयास नको.

डायसन यांच्या कल्पनेतील वृक्ष धूमकेतूवर रुजतो. पृथ्वीवरील सर्वांत उंच वृक्ष सव्वाशे मीटरही गाठत नाहीत, कारण पाणी वर चढविताना गुरुत्वाशी झगडावे लागते. दहा किलोमीटर व्यासाच्या धूमकेतूवर गुरुत्व पृथ्वीच्या मानाने हजारो पटींनी क्षीण असते. तेथे झाडाची उंची त्याच्या वजनामुळे अडत नाही. डायसन यांच्या हिशेबाने ते शेकडो किलोमीटर वाढू शकेल. मुळे बर्फात, पाने सूर्याकडे, आणि पानांनी निर्माण केलेला प्राणवायू खोडातून खाली उतरून मुळांच्या जाळ्यातील पोकळ्यांत साठलेला. त्या पोकळ्यांत माणसे राहतील, असे ते चित्र होते. लेकीकडे जाणारी म्हातारी भोपळ्यात बसून रान ओलांडते, ही गोष्ट मराठी मुलांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. डायसन यांनी तोच भोपळा जणू धूमकेतूवर नेला.

आता ह्या चित्रातील कोणता भाग पदार्थविज्ञानाच्या कसोटीवर उतरतो, ते पाहू जाता काही गोष्टी अनपेक्षित दिसतात. पहिली दाबाची. निर्वातात वनस्पती फुटून जाईल असे सामान्यतः वाटते. वस्तुतः टवटवीत पानाच्या पेशीत पाण्याचा दाब मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाहून दुप्पट-तिप्पट असतो, आणि पेशीची भित्ती तो दिवसरात्र सहज पेलते. पाणी न मिळाल्यास रोप माना टाकते ते हा दाब उतरतो म्हणूनच. पोकळी मोठी झाली की भिंतीवरचा ताण त्या प्रमाणात वाढतो, हे खरे. पण दोन मीटर व्यासाच्या गोल पोकळीत पृथ्वीवरील वायुदाबाच्या एक-दशांश एवढा दाब ठेवावयाचा, तर सेंटिमीटरभर जाडीचे लाकूड तो ताण पेलू शकते. काही समुद्रशैवालांच्या हवेने भरलेल्या पिशव्यांत वातावरणीय दाबाच्या सुमारे एक-पंचमांश एवढा जादा दाब आजही असतो. निसर्गाला ही विद्या नवीन नाही.

दाबापेक्षा गळतीचा प्रश्न बिकट आहे. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी शंभरात पंचाण्णवांहून अधिक भाग पृथ्वीवरील झाड पर्णरंध्रांवाटे हवेत सोडून देते. पाऊस पुन्हा पडणार आहे, ह्या भरवशावर चाललेली ही उधळपट्टी आहे. राजस्थानच्या वाळवंटातील थोर अधिक हिशेबी; तो रात्रीच्या गारव्यात रंध्रे उघडतो आणि दिवसा मिटून घेतो. अवकाशातील झाडाला त्याहून पुढे जावे लागेल. त्याच्या पानाची बाहेरची बाजू पूर्णपणे बंद, आणि सर्व रंध्रे आतल्या पोकळीकडे उघडणारी हवीत. उलटा केलेला अंगरखा घालावा तसे हे पान असेल.

उबेची गोष्ट आणखी मनोरंजक आहे. हार्वर्ड विद्यापीठाचे रॉबिन वर्ड्सवर्थ आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ मध्ये दाखविले, की सिलिकाच्या अतिसच्छिद्र, हलक्या पदार्थाचा दोन-तीन सेंटिमीटरांचा थर मंगळावर अंथरला, तर त्याखालची जमीन बर्फ वितळण्याइतकी तापू शकते. हा थर प्रकाश आत येऊ देतो, घातक अतिनील किरण अडवितो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. सिलिका म्हणजे वाळूतील द्रव्य, आणि वनस्पतिसृष्टी ते हाताळण्यात तरबेज आहे. डायटम नावाची सूक्ष्म शैवाले सिलिकेची नक्षीदार कवचे रचतात. भाताच्या तुसाची राख बहुतांशी सिलिकाच असते. २०२४ मध्ये वर्ड्सवर्थ यांनी एडिंबरोचे चार्ल्स कॉकेल यांच्यासह हा विचार पुढे नेला आणि जीवांनी स्वतः निर्माण केलेल्या भिंती दाब, ऊब व पाणी राखून धरू शकतील, असे गणिताने मांडले. डायसन यांच्या काव्याला अशा रीतीने अर्धशतकानंतर हिशेबाची वही मिळाली.

वनस्पतीने आतूनही ऊब निर्माण करावी, असे कोणी सुचविल्यास ते हसण्यावारी नेऊ नये. कमळाचे फूल उमलताना बाहेरची हवा १० अंशांपर्यंत उतरली तरी स्वतःला ३० अंशांच्या वर राखते, हे १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात मोजून प्रसिद्ध झाले. कोकणातल्या सुरणाच्या कुळालाही ही कला साधली आहे. मात्र साठविलेले अन्न जाळून मिळविलेली ही ऊब थोडेच दिवस टिकते. तिच्या जोरावर घर चालत नाही.

प्रकाशाविषयी फार चिंता नको. लघुग्रहांच्या पट्ट्यात ऊन पृथ्वीच्या मानाने सुमारे एक-सप्तमांश. आंब्याच्या दाट सावलीत उन्हाचा याहूनही लहान अंश पोहोचतो, आणि तेथेही वनस्पती तग धरतात.

येथपर्यंत पदार्थविज्ञान बरेच अनुकूल आहे. अडचण सुरू होते ती जनुकांपाशी. भारतात मार्च २००२ मध्ये मान्यता मिळालेला बीटी कापूस, ज्याच्या इतिहासाशी जालन्याच्या महिको कंपनीचे नाव जोडलेले आहे, हा मातीतील एका जीवाणूचे एक जनुक घातलेला कापूस होता. एकच जनुक, आणि त्याचे काम एका विषारी प्रथिनापुरते. तरीही पंधरा वर्षांच्या आत गुलाबी बोंडअळी त्याला सरावली आणि २०१७ मध्ये विदर्भातील शेतकऱ्यांनी त्याचे परिणाम भोगले. बंद भिंत, आतल्या बाजूची रंध्रे, सिलिकेचा पारदर्शक थर, हवेच्या पोकळ्या ह्यांपैकी कोणतीही गोष्ट एका जनुकाची नाही. त्यांमागे अनेक जनुकांचा मेळ असतो आणि तो वाढीच्या क्रमाशी बांधलेला असतो. १९९२ मध्ये अमेरिकेत ॲराबिडॉप्सिस ह्या मोहरीच्या कुळातील रोपात जीवाणूंची जनुके घालून त्याच्याकडून एक प्रकारचे प्लास्टिक तयार करून घेण्यात आले. अवकाशातील घराच्या दृष्टीने ही केवढी मोठी बातमी! पण ती रोपे खुरटली. भिंतीसाठी वळविलेला कार्बन वाढीतून वजा झाला होता. झाडाच्या अर्थव्यवस्थेत फुकट काहीच मिळत नाही, आणि ह्या क्षेत्रातील उत्साही लेखनात नेमकी हीच बाजू वगळलेली असते.

बंद घरातील हवेचा ताळेबंदही असाच निष्ठुर आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील बायोस्फिअर-२ ह्या काचेच्या विशाल घरात सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसे शिरली. आत रान होते, शेती होती, लहानसा समुद्रही होता. सोळा महिन्यांत हवेतील प्राणवायू २१ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास उतरला आणि अखेर तो बाहेरून पुरवावा लागला. सुपीक मातीतील सूक्ष्मजीव प्राणवायू वापरत होते आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या भिंती शोषून घेत होत्या. झाडे होती, पण भिंती मृत होत्या आणि त्या मृत भिंतींनीच हिशेब बिघडविला. झाडच भिंत असावे ह्या विचाराला यातून बळ मिळते. परंतु एकटे झाड म्हणजे घर नव्हे, कुजविणारे जीवही त्यात हवेत, हेही त्यातूनच दिसते.

म्हणून आजचे सर्वांत आशादायक पाऊल वृक्षाचे नसून शेवाळाचे आहे. २०२५ मध्ये वर्ड्सवर्थ यांच्या गटाने मंगळासारख्या विरळ, कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणात, जैविक प्लास्टिकच्या छोट्या कुपीत डुनालिएला नावाचे हिरवे शेवाळ वाढवून दाखविले. असे प्लास्टिक शेवाळापासूनच करता आले, तर घरानेच पुढचे घर निर्माण करण्याचे चक्र सुरू होईल. ह्या कुळातील शेवाळ जयपूरकरांना परके नाही. पश्चिमेकडील सांभर सरोवराच्या मिठागरांत त्याची एक जात राहते आणि खारे पाणी दाट होत जाते तसा त्याला तांबूस रंग चढविण्यात तिचा वाटा असतो. जेथे दुसरे फारसे काही जगत नाही तेथे ती जगते.

एक प्रश्न मात्र प्रयोगशाळेत सुटणारा नाही. घर होणारे झाड उपयोगी ठरण्यासाठी त्याने स्वतःची डागडुजी केली पाहिजे, बी धरले पाहिजे, पसरले पाहिजे. धोकाही नेमका त्यातच आहे. वांझ झाड सुरक्षित खरे, पण त्याची वसाहत होत नाही. फळणारे झाड माघारी बोलाविता येत नाही. मंगळाच्या पोटात स्वतःचे काही सूक्ष्म जीवन असेल, तर ते ओळखण्यापूर्वीच त्यावर पृथ्वीचे रान माजेल. डायसन यांना जीवसृष्टीचा हा विस्तार स्वागतार्ह वाटत होता. त्यांच्या ह्या निःशंकतेत धूमकेतू कोणाचेच नाहीत असे गृहीत धरलेले आहे. १९६७ च्या अंतराळ करारातील नववे कलम अन्य खगोलांचे हानिकारक दूषण टाळावे असे सांगते, आणि सहावे कलम खासगी संस्थांच्या कृत्यांची जबाबदारीही त्या त्या राष्ट्रावर टाकते. पण त्यात वाढणाऱ्या, बी टाकणाऱ्या घराचा उल्लेख नाही. भारतात जनुकबदल केलेले बी शेतात लावण्यासाठी १९८९ च्या नियमांखाली केंद्रीय समितीची मान्यता लागते. राजस्थानचे प्रमुख पीक असलेल्या मोहरीच्या अशा एका वाणाला ऑक्टोबर २०२२ मध्ये सशर्त मान्यता मिळाली, आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे त्यावर एकमत होऊ शकले नाही. मोहरीचे शेत निदान कुंपणाच्या आत असते आणि तेथे तपासनीस पायी जाऊ शकतो.