मेट्रोचा पास आणि पदवी

यंदा कॉलेजात किती जणांनी प्रवेश घेतला हे सगळेच हौसेने सांगतात. त्यातले पदवी घेऊन बाहेर किती पडले, हे विचारलं की आवाज खाली येतो. अमेरिकेत 1990 साली कायदा झाला आणि सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या कॉलेजांना हा आकडा जाहीर करणं भाग पडलं. चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षं, दोन वर्षांच्या पदवीला तीन, अशी दीडपट मुदत धरून तो काढतात. हार्वर्डमध्ये शंभरातले पंचाण्णवांहून अधिक जण या मुदतीत पदवी घेतात. कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजांत, हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास घुटमळतं. यावरून हार्वर्डमध्ये शिकवतातच चांगलं असा निष्कर्ष काढणं म्हणजे पट्टीचे पोहणारे निवडून विहिरीत उतरवायचे आणि पोहायला आम्हीच शिकवलं म्हणून मिरवायचं. शिवाय कम्युनिटी कॉलेज अर्ध्यावर सोडून मोठ्या विद्यापीठात गेलेला विद्यार्थीही या हिशेबात पदवी न मिळालेल्यांत जातो. तेव्हा फरकाचा मोठा वाटा, कॉलेज कोणाला घेतं आणि मोजणी कशी होते, यातच आहे.

पण सगळा नाही. उरलेला वाटा कॉलेजच्या हातात असतो, आणि आपण समजतो त्याहून तो बराच मोठा असतो, असं माझं म्हणणं आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘असॅप’ नावाची योजना सुरू केली. पुढे एमडीआरसी या संशोधन संस्थेने तिथल्या तीन कॉलेजांतल्या सुमारे 900 विद्यार्थ्यांवर तिची परीक्षा घेतली. मुलं कमी उत्पन्नाच्या घरातली, बहुतेक गणितात नाही तर इंग्रजीत कच्ची. तीन वर्षांनी योजनेतल्या 40 टक्के मुलांना पदवी मिळाली होती, बाहेरच्या 22 टक्क्यांना. योजनेत होतं तरी काय? सरकारी मदतीनंतर फीची उरलेली रक्कम माफ, पुस्तकं फुकट, कच्चे विषय सुरुवातीलाच उरकायचे, आणि दर 60 ते 80 मुलांमागे एक सल्लागार. एरवी तिथे एका सल्लागाराच्या वाट्याला शेकड्यांनी मुलं येतात. शिवाय दर महिन्याला मेट्रोचा पास. मला सगळ्यात मार्मिक वाटतो तो हा पास. तो आपोआप घरपोच येत नसे. सल्लागाराच्या भेटी आणि बाकीच्या अटी पाळल्या तरच हातात पडायचा. म्हणजे प्रवासखर्च तर वाचलाच, पण जो मुलगा एरवी नापास झाल्यावर तोंड चुकवून गायब झाला असता, त्यालाही महिन्यातून निदान एकदा कोणीतरी विचारायचं, ‘काय रे, कुठे अडलंय?’

यावर कोणी म्हणेल, अशा योजनेत मुळात होतकरू मुलंच नाव घालणार. रास्त शंका आहे. म्हणूनच ज्यांची यायची तयारी होती त्यांच्यातूनच, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले होते. होतकरूपणा दोन्हीकडे सारखाच. परीक्षा सोप्या केल्या असतील म्हणावं, तर अभ्यासक्रम आणि पदवीच्या अटी दोन्ही गटांना एकच होत्या. आणि खर्च? तो खरोखरच जास्त आहे. दर विद्यार्थ्यामागे निम्म्याहून अधिक वाढला. पण एका पदवीमागचा खर्च काढला तर तो उलट कमी भरला, कारण मधेच गळालेल्या मुलावर झालेला खर्च कोणाच्याच कामी येत नाही. सहा वर्षांनी दोन गटांतलं अंतर अठरावरून दहा टक्क्यांवर आलं, हेही सांगायला हवं. योजनेतल्या गटाची आघाडी मात्र मोडली नाही. हे न्यूयॉर्कपुरतंच असेल म्हणावं, तर ओहायोतल्या तीन कॉलेजांनी हीच घडी बसवून पाहिली. तिथे पासाऐवजी पेट्रोल-किराण्यासाठी 50 डॉलरचं कार्ड होतं. तीन वर्षांनी आकडे आले 35 आणि 19 टक्के.

आपल्याकडे हे सुटं सुटं सगळं आहे. डॉ. आंबेडकरांनी 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं ते नोकरी करणाऱ्यांना जमावं म्हणून सकाळच्या वर्गांचं. कर्मवीरांची ‘कमवा आणि शिका’ योजना तर घराघरांत माहीत आहे. 2024 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, हे चांगलंच झालं. पण सवलतीचा पास एसटीकडे, शिष्यवृत्ती महाडीबीटीच्या पोर्टलवर, वसतिगृह समाजकल्याणकडे, आणि एटीकेटी लागलेल्या पोरीने बोलायचं कोणाशी, तर त्याचं टेबलच नाही. न्यूयॉर्कने नवीन काही शोधलं नव्हतं. हे सगळे कागद एका टेबलावर आणले आणि तिथे मुलांना नावाने ओळखणारा माणूस बसवला. आपल्या एखाद्या विद्यापीठाने तीन-चार कॉलेजांत, चिठ्ठ्या टाकून, हा प्रयोग करून बघायला काय हरकत आहे?